दुखण्यावर आलं-सुंठ घेताय? या चुका टाळा

आईचे गुडघे धरले तेव्हा आम्ही तिच्या चहात आलं वाढवलं आणि महिनाभर वाट पाहिली. काही फरक पडला नाही. चूक मापाची होती. किसलेलं चिमूटभर आलं चहात पडतं आणि त्यातला चोथा गाळणीत राहतो. दुखणं कमी झाल्याचं ज्या प्रयोगांत दिसलं, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत रोज 1 ते 2 ग्रॅम सुंठ पोटात गेली होती. 2 ग्रॅम म्हणजे चहाच्या छोट्या चमच्याने साधारण सपाट चमचाभर पूड. ताज्या आल्यात सुमारे 80 टक्के पाणीच, त्यामुळे तेवढ्यासाठी 10 ग्रॅम आलं लागतं.

दुसरी चूक घाईची. आल्यातलं जिंजरॉल आणि आलं वाळताना त्यापासून तयार होणारं, त्याहून तिखट शोगाओल ही दोन्ही द्रव्यं सूज आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करतात. वेदनाशामक गोळ्याही तिथेच काम करतात, पण आल्याचा जोर सौम्य आणि चाल संथ. जॉर्जिया विद्यापीठाच्या 2010 मधल्या प्रयोगात रोज 2 ग्रॅम आलं 11 दिवस घेतल्यावर व्यायामानंतरची स्नायूदुखी जवळपास पाव हिश्शाने उतरली. आलं आधी तापवलेलं असलं तरी गुण जवळजवळ तेवढाच आला, म्हणून काढा उकळल्याने सगळं वाया जातं ही भीती नको. पाळीच्या दुखण्यातही कळा सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा एक-दोन दिवस आधीपासून सुंठ घेतलेली बरी.

सुंठ जुनी तर नाही ना, तेही बघा. बरणीच्या तळाशी वर्षभर पडलेली पूड नुसती मातकट लागते. मी अख्खी सुंठ आणते आणि सहाणेवर दोन थेंब पाण्यात उगाळते. झणका थेट नाकात गेला तर ती चांगली. हाच लेप कपाळावर लावताना मात्र जपा. आग व्हायला लागली की लगेच धुवा, सोसत बसू नका.

आणि ज्या चुकीची मला खरी काळजी वाटते ती ही: रक्त पातळ करणारी गोळी, विशेषतः वॉरफेरिन, चालू असताना डॉक्टरांना न सांगता रोज चमचाभर सुंठ घेणं. पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तरी आधी विचारा. आम्लपित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी घेऊ नका. सांधा लाल, गरम झाला असेल आणि अंगात तापही असेल, तर सहाण बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.