थंडीभर रॉड ठेवून देण्याआधी

पाणी गोठायला लागलं की गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, थांबतं आणि मासेमारीचे रॉड काही महिन्यांसाठी कोपऱ्यात जातात. नुसत्या गारठ्याने चांगला रॉड सहसा बिघडत नाही. त्याला खातो तो आत राहिलेला ओलावा, आणि बांबूचा असेल तर एकाच अवस्थेत महिनोन्‌महिने राहिलेला बाक. तयारी करायची ती या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून.

आधी रॉड मोकळा करा. रॉडवर दोरा ओवायच्या रिंगा असतात, त्यातल्या एखाद्या रिंगेत गळ अडकवून दोरा ताणलेला राहिला, तर शेंडा सगळा हिवाळा वाकलेलाच राहतो. रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चरखी, काढून वेगळी ठेवा आणि तिचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना धरणारा ब्रेक, पूर्ण सैल करा, नाहीतर आतले वॉशर दाबून बसतात. मग कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन रॉड धुवा. खाऱ्या पाण्यात वापरला असेल तर रिंगांच्या पायांशी आणि रील बसते तिथल्या आट्यांमध्ये मीठ दडलेलं असतं, तिथे ब्रश जास्त वेळ फिरवा. कॉर्कची मूठ ओल्या फडक्यानेच पुसा, भिजत ठेवू नका.

आता घाई करायची नाही. वरून कोरडा दिसणारा रॉड आतून कोरडा असतोच असं नाही. जोड सुटे करून सगळे भाग एक-दोन दिवस वाऱ्यावर राहू द्या. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या भागांचा रॉड असेल तर बुडाची टोपी उघडा, एकेक भाग बाहेर काढून पुसा. पोकळ जोडात साचलेलं पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं, आणि तडा जातो तो नेमका तिथेच. रॉड दमट कापडी पिशवीत गुंडाळून तो ठेवायच्या नळीचं झाकण घट्ट लावलं, तर वार्निशला फोड येतात, कॉर्कवर बुरशी धरते आणि रिंगा गंजतात. म्हणून पिशवीही धुऊन खडखडीत वाळवा, आणि नळीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका.

रॉड हातात आहे तोवर प्रत्येक रिंगेतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे टवका उडालाय असं समजा. ती रिंग दोरा कापणार, तेव्हा दुरुस्ती आत्ताच उरकून घ्या. कार्बनच्या जोडावर मेणबत्तीचं मेण हलकेच घासलं की पुरतं.

जागा मात्र विचार करून निवडा. गाडीची डिकी, पत्र्याची शेड, माळा इथे दिवसा ऊब आणि रात्री गोठण असते, त्या चढउतारात दव धरतं. हीटरजवळही नको, तिथे कॉर्क सुकून चिरतं. घरातली थंड, कोरडी भिंत उत्तम. रॉड भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, ते उभे सरळ स्टँडमध्ये ठेवा किंवा तीन ठिकाणी आधार देऊन आडवे. बांबूचा रॉड पिशवीच्या नाडीने टांगलेला सगळ्यात बरा. कॉर्कच्या मुठी उंदीर कुरतडतात, तेव्हा त्यांची वाट जिथे नाही अशी जागा पाहा.

महिन्यातून एकदा झाकण काढून पिशवीला हात लावा. जराशीही दमट लागली तर रॉड बाहेर काढून पुन्हा वाळवा आणि सिलिका जेलची पुडी बदला.