पीएचडीचे गाईड दुसऱ्या युनिव्हर्सिटीत चालले? सर रिलीव्ह व्हायच्या आधी एवढं उरकून घ्या

डिपार्टमेंटमध्ये कुजबुज सुरू झाली की सरांचं पुण्याला नाहीतर हैदराबादला सिलेक्शन झालंय म्हणे, तर कँटीनमध्ये चर्चा करत बसू नका, सरळ केबिनमध्ये जाऊन दोनच गोष्टी विचारा: राजीनामा की लियन (म्हणजे इथली जागा राखून ठेवून दुसरीकडे जाणं), आणि रिलीव्ह कधी होणार. लियनवर गेलेले सर कागदोपत्री इथलेच राहतात, परतही येऊ शकतात. राजीनामा म्हटल्यावर मात्र तुमची धावपळ सुरू.

बहुतेकांसाठी माझं मत सरळ आहे, इथेच राहा. इथला नवा गाईड घ्या आणि जुन्या सरांना को-गाईड करून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत दुसऱ्या संस्थेतला को-गाईड चालतो, फक्त तशी मंजुरी घ्यावी लागते. खरी अडचण व्हेकन्सीची, कारण एका वेळी प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ च स्कॉलर, आणि एका गाईडचे चार-पाच पोट्टे एकदम मोकळे झाले की सगळे त्याच दोन मॅडमच्या दारात उभे राहतात. त्यामुळे जो आधी विचारतो त्याचं काम होतं. विषयाच्या जवळचा गाईड बघा, पण त्याहून जास्त हे बघा की तो माणूस सही वेळेवर करतो का.

अर्ज लांबलचक नको. "माझे मार्गदर्शक अमुक तारखेला कार्यमुक्त होत आहेत, तरी अमुक यांची मार्गदर्शक व सध्याच्या मार्गदर्शकांची सहमार्गदर्शक म्हणून नेमणूक व्हावी", बस. सोबत जुन्या सरांची एनओसी, नव्या गाईडचं संमतीपत्र, आतापर्यंतचे प्रोग्रेस रिपोर्ट. नागपूर विद्यापीठात कॉलेजच्या संशोधन केंद्रात असाल तर अर्ज केंद्रामार्फत पुढे पाठवा आणि आवक नंबर टाकलेली कॉपी स्वतःकडे ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी टेबलावरचा माणूस म्हणेल असा कागद आलाच नाही. नीरीत (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) बसणाऱ्यांनी आधी बघा रजिस्ट्रेशन एसीएसआयआरचं (सीएसआयआरच्या लॅबमधल्या स्कॉलरना पीएचडी देणारी अकादमी) आहे की विद्यापीठाचं, अर्ज तिथे जाईल.

पैशाचं वेगळं. नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ फेलोशिप तुमची स्वतःची असते, गाईड गेल्याने ती जात नाही, पण दर महिन्याचं कन्फर्मेशन संस्थेकडून जातं, मधल्या काळात ते अडकू देऊ नका. महाज्योती, बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप घेणाऱ्यांनी गाईड बदलल्याचं पत्र तिकडेही द्या. प्रोजेक्टमधल्या जेआरएफचं मात्र अवघड, ती पोस्ट प्रोजेक्टची, आणि प्रोजेक्ट सरांसोबत जाणार की इथेच राहणार हे फंडिंग एजन्सीच्या परवानगीवर ठरतं.

सरांसोबत जायचंच असेल तर तिथल्या युनिव्हर्सिटीला लेखी विचारा की ट्रान्सफर घेतात की एंट्रन्सपासून नवी ॲडमिशन, आणि इथला कोर्सवर्क धरतात का. तोंडी "हो जाएगा" वर इथलं रजिस्ट्रेशन कॅन्सल करू नका बे! लग्नामुळे किंवा इतर कारणाने दुसरीकडे जाणाऱ्या महिला स्कॉलरना डेटा सोबत न्यायची सोय नियमात आहे, पण काम कुठल्या एजन्सीच्या प्रोजेक्टमधलं नसेल तरच, आणि जुन्या संस्थेला व गाईडला श्रेय द्यावं लागतं.

शेवटच्या आठवड्यात सरांना गाठून लॅब नोटबुकवर सह्या, फ्रीजरमधल्या सॅम्पलची यादी, सॉफ्टवेअरचा पासवर्ड आणि अर्धवट पेपरवर नावं कुठल्या क्रमाने येणार, हे सगळं एका ईमेलमध्ये लिहून "ठीक आहे" असं उत्तर घेऊन ठेवा. पीएचडी पूर्ण करायची ॲडमिशनपासूनची ६ वर्षं या गडबडीतही मोजली जातातच, पुढे रि-रजिस्ट्रेशनने जास्तीत जास्त २, महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २. दर सहा महिन्यांचं आरएसीचं (संशोधन सल्लागार समितीचं) प्रेझेंटेशनही चुकवू नका.

आणि सरांसोबत पंधरा दिवसांतून एका कॉलची वेळ जायच्या आधीच पक्की करा, कारण नव्या ठिकाणी पहिलं सेमिस्टर ते क्वार्टर आणि टाइमटेबलच्याच मागे असणार.