फिशटँकमध्ये हात घालण्यापूर्वी

घरातल्या फिशटँकला हीटर, फिल्टर, एअर पंप आणि दिवा अशी तीन-चार उपकरणे जोडलेली असतात, आणि त्यांपैकी एक-दोन चोवीस तास पाण्यात बुडालेली असतात. मासे मजेत पोहत आहेत म्हणजे पाण्यात वीज उतरलेली नाही, असे मात्र समजू नये. काचेच्या टाकीतील पाण्याचा जमिनीशी संबंध नसल्यामुळे, तडा गेलेल्या हीटरमधून २३० व्होल्टचा फेज पाण्यात आला तरी त्याला पुढे जायला वाट नसते, आणि तारेवर बसलेल्या चिमणीप्रमाणे मासे बहुधा सुखरूप राहतात. ती वाट ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून टाकीत हात घालणारा माणूस करून देतो.

म्हणूनच पाणी बदलताना किंवा काच पुसताना केवळ बटण बंद करून थांबू नये, तर प्रत्येक पिन सॉकेटमधून बाहेर काढावी. बटण एकच तार तोडते, आणि वायरिंग करताना फेजऐवजी न्यूट्रल बटणावर घेतलेला असेल, तर बटण बंद असूनही उपकरणापर्यंत फेज पोहोचलेला असतो. (मी स्वतः कित्येक वर्षे बटणावरच विसंबून होतो, हे येथे कबूल करतो.) हीटरची पिन काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबून मगच पाण्याची पातळी उतरवावी, कारण तापलेली काच उघडी पडून तिच्यावर गार पाणी पडले की ती तडकते.

टँकची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच लाइन तोडणाऱ्या स्विचवर) असणे आवश्यक आहे. एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वायरिंगला वाचवतो, माणसाला नव्हे. शरीरातून जाणारा घातक प्रवाह त्याच्या लेखी नगण्य असतो. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो व फरक पडताच लाइन तोडतो. त्यावरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे आणि तेव्हा टँकचा पंपही थांबतो का, हे पाहावे. इन्व्हर्टरवर तो चालूच राहिला, तर ती लाइन संरक्षणाबाहेर आहे असे समजून वायरमनला बोलवावे.

वायर टाकीतून सरळ सॉकेटकडे नेऊ नये. तिला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर ठिबकते, पिनेपर्यंत चढत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टँकखालच्या कपाटात ठेवण्याची सवय फार वाईट. तो बाजूच्या भिंतीवर उंच बसवावा. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात येऊ शकते, त्यासाठी नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा.

पाण्याला बोट लागताच झिणझिण्या जाणवल्या, तर पुन्हा हात लावून खात्री करत बसू नये. मेन स्विच बंद करावा, सगळ्या पिना काढाव्यात आणि मगच उपकरणे बाहेर काढून तपासावीत. तडा गेलेला हीटर एम-सीलने बुजवून वापरण्याची काटकसर करू नये. त्याची वायर कापूनच तो कचऱ्यात टाकावा, म्हणजे दुसरे कोणी तो उचलून लावून पाहणार नाही.