‘दिन’ साजरा झाला, पण वर्गात काय बदललं? लहान मुलांना समावेशन शिकवताना या चुका टाळा

एका वर्षी ४ जानेवारीला, म्हणजे जागतिक ब्रेल दिनाला (ब्रेल म्हणजे अंध व्यक्ती बोटांनी वाचतात ती उठावाच्या ठिपक्यांची लिपी), मी दुसरीच्या वर्गात डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ घेतला. दारापासून फळ्यापर्यंत चालत यायचं, एवढंच. दोघं बाकावर आपटली, एक मुलगी रडायला लागली आणि बाकीच्यांना हसू आवरेना. शेवटी मी विचारलं, ‘‘आज काय कळलं?’’ पुढच्या बाकावरून उत्तर आलं, ‘‘बाई, आंधळ्या माणसांना काहीच जमत नसेल.’’

मला शिकवायचं होतं समावेशन, म्हणजे दिव्यांग मुलांसकट सगळ्यांना बरोबरीनं सामावून घेणं; मूल त्याच्या नेमकं उलटं शिकलं होतं. आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला जे दाखवलं, त्यातून दुसरा अर्थ निघतच नव्हता.

पट्टी बांधली की मुलाला अंध माणसाचं जगणं कळत नाही. दृष्टी अचानक गेल्यावरचा पहिला घाबरलेला मिनिट तेवढा कळतो. काठी कशी वापरायची, आवाजावरून खोली कशी ओळखायची, बोटांनी कसं वाचायचं, हे सगळं अंध व्यक्ती सरावानं शिकलेली असते. पाच मिनिटांच्या खेळात त्यातलं काहीच येत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना असे ‘अपंगत्वाचा अनुभव’ देणारे खेळ खेळायला लावून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. खेळणाऱ्यांना असहाय वाटलं, लाज वाटली, आपलंही असं होईल याची भीती वाढली; पण दिव्यांग व्यक्तींशी मिसळण्याबद्दलची त्यांची वृत्ती काही सुधारली नाही. मोठ्यांचं हे होत असेल, तर सात वर्षांच्या मुलाचं काय?

आता मी पट्टी आणतच नाही. जाड कागदावर गोंदाचे थेंब टाकून आदल्या दिवशी वाळवत ठेवते. सहा ठिपके, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा, आणि एवढ्यातून ६३ वेगवेगळ्या आकृत्या तयार होतात. लुई ब्रेलची दृष्टी लहानपणी वडिलांच्या कामाच्या जागी झालेल्या अपघातामुळे गेली आणि ही लिपी त्यानं पंधराव्या वर्षाच्या सुमारास घडवली, हे सांगितलं की मुलं बोटं मोजायला लागतात : आपल्या दादापेक्षा लहान की मोठा? मग प्रत्येकजण आपल्या नावाचं पहिलं अक्षर बोटानं शोधतो. डोळे उघडेच असतात. ‘‘बाई, मला सगळे ठिपके सारखेच लागतायत!’’ अशी तक्रार येते, आणि तेव्हा सांगता येतं की ज्यांना सराव आहे ती माणसं अख्खी पुस्तकं अशी वाचतात. कीव करायला इथे जागाच उरत नाही, मुलांना त्या बोटांचं कौतुक वाटतं.

इथे एक चूक फार सर्रास होते. ब्रेलची अक्षरं संगणकावरून छापून भिंतीवर लावतात. सपाट कागदावरचे काळे ठिपके! जी लिपी हाताला लागायला हवी, तीच हाताला लागत नाही. उठाव नसेल तर ते ब्रेलचं फक्त चित्र झालं.

दिवस पाळला, पण का ते सांगितलंच नाही

२१ मार्चला, जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाला, मुलं दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून येतात, फोटो निघतात आणि दिवस संपतो. ‘आज काय आहे?’ असं विचारलं तर उत्तर ‘मोज्यांचा दिवस’. या दिवसाची तारीख स्वतःच सगळं सांगते, ती आधी उलगडा. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस २०१२ पासून पाळायला सुरुवात केली.

मी टेबलावर मोज्यांच्या २३ जोड्या मांडते. घरून गोळा करून आणायला सांगितल्या की सहज जमतात. आपल्या शरीराच्या प्रत्येक इवल्याशा पेशीत, शरीर कसं घडवायचं याच्या सूचना अशा जोड्यांनी ठेवलेल्या असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात, इतकं सांगून आम्ही एकेक जोडी मोजत जातो. एकविसाव्या जोडीशी थांबायचं आणि तिथे तिसरा मोजा ठेवायचा. ‘‘काही जणांच्या एकविसाव्या जागी दोनाऐवजी तीन असतात. यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात. म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख.’’ गुणसूत्रांचा आकार मोज्यांसारखा दिसतो, म्हणून हे मोजे. तो तिसरा मोजा कोण ठेवणार यावरून दरवर्षी भांडण होतं.

यानंतर एक प्रश्न हमखास येतो, आणि मुलांनी विचारला नाही तर तो आपणच काढायचा : शेजारी बसलं तर आपल्यालाही होतं का? नाही. हे जन्माच्या आधीपासूनच असतं. ते लागत नाही, पसरत नाही, आणि कुणी काही चुकीचं केलं म्हणूनही होत नाही. लहान मुलं लांब सरकतात त्यामागे पुष्कळदा ही न बोललेली भीती असते. आपण मात्र त्यांना निष्ठुर समजून रागावतो.

ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांनाच तो सोसत नाही

२ एप्रिल, जागतिक ऑटिझम (स्वमग्नता) जागरूकता दिन. ढोल, शिट्ट्या, ध्वनिक्षेपक, घोषणा. आणि वर्गातलं स्वमग्न मूल कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसलेलं. अनेक स्वमग्न मुलांना मोठा आवाज, झगमगाट, अचानक बदललेलं वेळापत्रक अक्षरशः सहन होत नाही. त्यांच्या नावाच्या दिवशी आपण नेमकं तेच सगळं एकत्र आणतो. ३ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनाला, व्यासपीठावर चढायला फक्त पायऱ्या ठेवणं हीसुद्धा याच जातीची चूक.

दिवसाची आखणी झाली की एकदा वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या नजरेनं ती वाचा. आवाज किती आहे, वर चढायला रस्ता आहे का, रोजच्या वेळापत्रकात काय बदलतंय. बदल असेल तर आदल्या दिवशीच चित्रांच्या पट्टीनं दाखवून ठेवा : आधी प्रार्थना, मग गोष्ट, मग मैदान. वर्गात एक शांत कोपरा ठेवा, पण तो सगळ्यांसाठी. कुणालाही तिथे जाऊन पाच मिनिटं बसता आलं पाहिजे आणि शिक्षा म्हणून कुणालाही तिथे पाठवायचं नाही. एकदा जरी ‘जा, तिकडे जाऊन बस’ म्हटलं, की तो कोपरा बाद झाला.

एका मुलाला धडा करू नका

ही माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट चूक. वर्गात श्रवणयंत्र लावणारी एक मुलगी होती. ऐकण्याबद्दल बोलायचं होतं, तर मी सगळ्यांसमोर सहज म्हटलं, ‘‘हिच्याकडे आहे ना, ती दाखवेल.’’ तिला आधी विचारलं नव्हतं. तिनं काही दाखवलं नाही, मान खाली घातली. थोड्या वेळानं पाहिलं तर यंत्र कानात नव्हतं. कंपासपेटीत, खोडरबराच्या खाली ठेवलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ती वर्गात आली की यंत्र आधी पेटीत जायचं.

मुलाच्या शरीराबद्दलची, आजाराबद्दलची माहिती ही त्या मुलाची आहे. शाळेच्या कागदांवर ती असली तरी वर्गाला सांगायचा हक्क आपल्याला मिळत नाही. आधी पालकांशी बोला, मग मुलाशी एकट्यानं : ‘‘वर्गाला काय सांगितलेलं तुला चालेल? तू सांगशील, मी सांगू, की काहीच नको?’’ ‘काहीच नको’ हे पूर्ण उत्तर आहे. आणि आज हो म्हटलेलं मूल उद्या नाही म्हणू शकतं.

मुळात आजाराचं नाव सांगायची गरजही फार कमी वेळा असते. वागायचं कसं तेवढं सांगितलं तरी काम होतं. ‘बोलताना समोर या, चेहरा दिसू द्या, एका वेळी एकानंच बोला’ हा नियम मी वर्गासाठी केला, तर कुणाकडे बोट न दाखवता तो पाळला गेला. दुसरं काम उशिरा सुचलं. श्रवणयंत्र चष्म्यासारखं नसतं. ते हव्या आवाजाबरोबर नको तो गोंगाटही मोठा करतं. आमच्या वर्गात सगळ्यात मोठा गोंगाट होता खुर्च्या सरकवण्याचा. आम्ही प्रत्येक खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. मुलांनीच बसवल्या, एक सबंध तास त्यात गेला. वर्ग इतका शांत झाला की माझा स्वतःचा आवाज खाली आला. यंत्र पेटीतून बाहेर यायला त्यानंतरही वेळ लागला, पण आलं.

‘बिचारा’ आणि ‘बघा, तरीसुद्धा!’

हे दोन्ही शब्द मुलांपर्यंत आपल्याच तोंडून पोचतात. ‘बिचारा’ म्हटलं की समोरचा लहान होतो. ‘पाय नसूनसुद्धा बघा किती करतो, आणि तुम्ही!’ म्हटलं की तो बाकीच्यांना लाजवायची छडी होतो. व्हीलचेअरवरच्या मुलाला चित्र आवडत असेल तर त्याच्या चित्राबद्दल बोला.

मदतीचा अतिरेक

समावेशनाच्या तासानंतर वर्गात एक-दोन छोट्या आया तयार होतात. फार मायाळू मुलं असतात ही, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. एक मुलगी शेजारच्या मुलाच्या दप्तराची चेन लावायची, डबा उघडायची, त्याच्या वतीनं उत्तरही द्यायची. तो चेन लावायला हात पुढे करायचा, तोवर हिनं लावलेलीही असायची. मी एक दिवस नुसती बघत बसले. त्याला स्वतः चेन लावायला जवळजवळ एक मिनिट लागला असता. तो मिनिट त्याला आठवडाभरात एकदाही मिळाला नव्हता.

त्या मुलीला रागावून चालणार नव्हतं, तिचा जीव तुटला असता. आम्ही सगळ्या वर्गासाठीच तीन पायऱ्या ठरवल्या : आधी विचार, मग थांब, मग तो सांगेल तेवढंच कर. ‘मदत हवी का?’ या प्रश्नाला ‘नको’ असं उत्तर आलं तर ‘बरं’ म्हणून वळायचं, याचा आम्ही नाटुकलं करून सराव केला. ‘नको’ ऐकून न रुसणं मुलांना खरोखर अवघड जातं. ते शिकवावं लागतं.

त्याच्याइतकंच गरजेचं म्हणजे मदत दोन्ही बाजूंनी वाहिली पाहिजे. ज्याला नेहमी घ्यावंच लागतं, त्याच्याकडे द्यायलाही काहीतरी असावं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसतं एकत्र बसवून पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचं स्थान, सामाईक काम, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये वर्गांसाठी त्याची फार सोपी रीत काढली : धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा आणि त्यानं तो बाकीच्यांना शिकवायचा. त्याच्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. लहान वर्गात हेच चित्राच्या तुकड्यांनी करता येतं. कमी बोलणाऱ्या मुलाच्या हातात मधला तुकडा द्या आणि गट त्याच्याकडे कसा वळतो ते बघा.

दयाळूपणाला चांदण्या

१३ नोव्हेंबरला, जागतिक दयाळूपणा दिनाला, तक्ता लागतो : एक चांगलं काम, एक चांदणी. तिसऱ्या दिवशी मुलं एकमेकांची पेन्सिल मुद्दाम पाडून उचलून देतात. वीस महिन्यांच्या बाळांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मदत केल्यावर ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती बाळं पुढे मदत करायला कमी सरसावली. चांदणीपेक्षा काय घडलं ते शब्दांत सांगा : ‘‘तू सरकून जागा दिलीस, म्हणून तिला गोष्टीतलं चित्र दिसलं.’’

सांकेतिक भाषेचे चार हावभाव

२३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनाला, इंटरनेटवरून मिळालेल्या चार खुणा शिकवल्या जातात आणि त्या भलत्याच देशाच्या निघतात. जगात ३०० हून अधिक सांकेतिक भाषा आहेत. त्यांना स्वतःचं व्याकरण आहे, चेहऱ्याचे भावही त्यात मोडतात. आपल्या भागातल्या कर्णबधिर व्यक्तीलाच शिकवायला बोलवा आणि त्या कामाचं मानधन द्या.

अडलं तर

मूल सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारतं, ‘‘तो असा का चालतो?’’ ‘शू!’ म्हणू नका. त्यातून मूल एवढंच शिकतं की हे काहीतरी लाजिरवाणं आहे. ‘‘माणसं वेगवेगळ्या प्रकारे चालतात. अजून जाणून घ्यायचं असेल तर तो बोलायला तयार आहे का ते आधी विचारू,’’ एवढं पुरतं.

कुणी म्हणतं, ‘‘मला त्याच्याशेजारी नाही बसायचं.’’ लगेच व्याख्यान देऊ नका, कारण विचारा. बरेचदा ते साधं निघतं : तो माझे खडू घेतो, मोठ्यानं ओरडतो. खडूंचा प्रश्न खडूंच्या पातळीवर सोडवा. पण अपंगत्वावरून चिडवणं चालू असेल तर तिथे सौम्य राहू नका. त्याच दिवशी, त्याच मुलाशी, बाजूला नेऊन स्पष्ट बोला. ज्याला चिडवलं त्याला सगळ्यांसमोर ‘माफ केलं’ म्हणायला लावू नका.

पालक येतात : ‘‘त्या मुलामुळे आमच्या मुलाचा वेळ जातो.’’ चिडू नये. त्यांच्या मुलाची प्रगती दाखवा, वही उघडून दाखवा. दुसऱ्या मुलाबद्दल मात्र एक शब्द नको, त्यांनी कितीही खोदून विचारलं तरी. वेळ खरंच जात असेल, तर ते वर्गात मदतीची माणसं कमी असल्याचं लक्षण आहे आणि ते मुख्याध्यापकांकडे लेखी मांडायला हवं.

मी दिनविशेषाच्या वहीत आता एक रकाना वाढवलाय : या दिवसानंतर वर्गात काय राहिलं? तिथे ‘कार्यक्रम छान झाला’ लिहायचं नाही. खुर्च्यांच्या टोप्या, शांत कोपरा, चित्रांची पट्टी, समोर येऊन बोलायचा नियम, असं काही असेल तरच लिहायचं. काही रकाने रिकामे आहेत, तिथे पुढच्या वर्षी तो दिवस वेगळ्या रीतीनं करायचा असतो. वर्ग वरच्या इयत्तेत गेला की वही नव्या बाईंच्या हातात द्यायची आणि टोप्या कुठे मिळतात तेही सांगायचं, कारण त्या वर्षभरात झिजतात.