मेडिकेअर घेताना एचएसएतल्या या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी करत पासष्टी ओलांडलेल्या आपल्या मंडळींचे टॅक्सचे कागद मी बरीच वर्षं बघतोय. दर मार्चमध्ये तोच घोळ समोर येतो: एचएसएमध्ये, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात, मर्यादेपेक्षा जादा भरलेले पैसे.

सगळ्यात महागात पडते ती मागच्या तारखेची चूक. पासष्टीनंतर मेडिकेअरसाठी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, अर्ज केलात की त्यातला मोफत मिळणारा पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) सहा महिने मागे जाऊन लागू होतो, फक्त पासष्टीच्या महिन्यापलीकडे जात नाही. आणि मेडिकेअरचा कुठलाही भाग लागला की त्या महिन्यापासून एचएसएत एक डॉलरही भरता येत नाही.

न्यू जर्सीतले एक काका सदुसष्टाव्या वर्षी, सप्टेंबर 2025 अखेर निवृत्त झाले. त्याच महिन्यात अर्ज केला. ‘आमचा विम्याचा प्लॅन आहे तोवर एचएसएत भरत राहा,’ असं त्यांना ऑफिसातून सांगितलं होतं. फॅमिली प्लॅनची मर्यादा 8,550 डॉलर, पंचावन्नच्या पुढचे म्हणून आणखी 1,000. त्या हिशोबाने नऊ महिन्यांत 7,162 डॉलर पगारातून कापले गेले. मग मेडिकेअरचं कार्ड आलं. त्यावर पार्ट एसमोर तारीख होती 1 मार्च. भरता येणारे महिने उरले दोन, रक्कम जेमतेम 1,592. बाकीचे साडेपाच हजारांवर डॉलर जादा!

जादा रक्कम तिच्यावरच्या कमाईसकट रिटर्नच्या मुदतीत काढली नाही, तर ती खात्यात राहील तितकी वर्षं दरवर्षी 6 टक्के दंड. साधा विड्रॉवल करू नका. जादा भरणा काढण्याचा वेगळा फॉर्म असतो, तोच मागा. काकांनी तसंच केलं. काकू बासष्टच्या, त्याच प्लॅनवर. त्यांनी स्वतःच्या नावाने एचएसए उघडून मार्च ते सप्टेंबरचा फॅमिली हिस्सा आणि स्वतःचे जादाचे 750 मिळून सुमारे 5,737 डॉलर 15 एप्रिलच्या आत भरले. हा मार्ग कित्येकांना ठाऊकच नसतो. पंचावन्नच्या पुढचे हजार मात्र ज्याचे त्यानेच, स्वतःच्या खात्यात भरायचे.

मी सगळ्यांना अर्जाच्या सात महिने आधी पेरोलला ईमेल पाठवून कपात थांबवायला सांगतो. नियम सहाचा आहे, पण पेरोल एखादा महिना खातोच.

दुसरी चूक खास आपली. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली 1 जून ही जन्मतारीख पुढे पासपोर्टवरही चढलेली असते. जन्मतारीख महिन्याची 1 असेल तर मेडिकेअर आधीच्या महिन्यापासून सुरू होऊ शकतं, म्हणजे 1 मेपासून. घरचे कुठला वाढदिवस साजरा करतात याला इथे अर्थ नाही.

जानेवारीतच वर्षाची रक्कम भरून मोकळं होण्याची घाई तर मला अजिबात पटत नाही. 2026 ची मर्यादा एकट्याला 4,400, फॅमिलीला 8,750. पण मेडिकेअरच्या वर्षी ती महिन्यांच्या हिशोबाने, बाराव्या भागाने मिळते. भरायला पुढच्या 15 एप्रिलपर्यंत मुदत असते. तारीख पक्की होऊ द्या, मग भरा.

कंपनीने भरलेले पैसेही याच मर्यादेत धरा.

पासष्टीनंतर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) सुरू केलीत की पार्ट ए आपोआप येतो. पेन्शन ठेवून फक्त पार्ट ए नको, असं म्हणता येत नाही.

नुसती पासष्टी झाली म्हणून एचएसएत भरणं बंद करायची गरज नाही. मेडिकेअरमध्ये नाव नोंदवल्यावर ते बंद होतं.

खात्यातले जुने पैसे तुमचेच. मेडिकेअरच्या पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) आणि पार्ट डीचा (औषधं) हप्ता त्यातून करमुक्त भरता येतो, मेडिगॅप या खासगी पूरक विम्याचा नाही.