पगारवाढीच्या बातमीतलं इंग्रजी: टक्का नेमका कशाचा?

ब्रिटनमधल्या सरकारी पगाराच्या बातम्या वाचायला घेतल्या की पहिली ठेच 'पे अवॉर्ड'ला लागते. इथे पुरस्कार कुणालाच मिळत नाही. त्या वर्षासाठी मंजूर झालेली पगारवाढ, एवढाच अर्थ. 'इंडस्ट्रियल अ‍ॅक्शन'मध्ये संप येतो, जादा कामाला नकार येतो, आणि 'वर्क टू रूल' म्हणजे नियमावर बोट ठेवून काम करणंही येतं. असे जोडशब्द सुटे करून कोशात बघू नका, अख्खे शोधा.

खरी गोम 'रिअल टर्म्स'मध्ये, म्हणजे महागाई हिशेबात धरून बघण्यात आहे. पगार 3 टक्के वाढला आणि महागाई 5 टक्के असली, तर सरकार 'पे राइज' म्हणतं आणि संघटना 'रिअल-टर्म्स पे कट'. दोघंही खरंच बोलतात. 103 ला 105 ने भागा: 0.981, म्हणजे पगाराची खरेदीची ताकद सुमारे 1.9 टक्क्यांनी घटली. नुसती वजाबाकी लहान आकड्यांना चालून जाते, मोठ्यांना नाही.

इंग्लंडमधल्या ज्युनिअर डॉक्टरांचे संप 2023 मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांची संघटना म्हणत होती, पगार रिअल टर्म्समध्ये 26 टक्क्यांनी घटलाय. मागणी मात्र 35 टक्क्यांची. हा लबाडीचा हिशेब वाटतो, पण तसा नाही. 100 चे 74 झाले, तर पुन्हा 100 गाठायला 26 हवेत, आणि 74 वर 26 म्हणजे 35 टक्के. या मागणीचं नाव 'पे रिस्टोरेशन'. वाद घालायचाच तर तो महागाईच्या मोजपट्टीवर घाला: संघटनेने आरपीआय (किरकोळ किंमत निर्देशांक) धरला होता, सरकार सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांक) धरतं, आणि आरपीआय सहसा जास्त निघतो. ('ज्युनिअर' म्हणजे नवशिके नव्हेत, त्यांत कित्येक वर्षांचा अनुभव असलेलेही होते. 2024 पासून त्यांना 'रेसिडेंट डॉक्टर' म्हणतात.)

'फ्रीझ' म्हणजे वाढ शून्य; 'कॅप' म्हणजे वाढ मिळेल, पण मर्यादेच्या आत. 2010 मध्ये जाहीर झालेला दोन वर्षांचा फ्रीझ 21,000 पौंडांपेक्षा जास्त पगाराला होता, त्यानंतर 1 टक्क्याचा कॅप आला.

'कन्सॉलिडेटेड' शब्द दिसला की थांबाच. अशी वाढ मूळ पगारात मिसळते, पुढची वाढ तिच्यावर मोजली जाते. 'नॉन-कन्सॉलिडेटेड' रक्कम एकदाच हातात पडते आणि पुढच्या वर्षी पगार जुन्याच पायावर येतो. मथळ्यात या दोन्हींची बेरीज दिसली, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

'फॅट कॅट्स' (गलेलठ्ठ पगार घेणारे), 'ग्रेव्ही ट्रेन' (फारशा कष्टाविना पैसा मिळण्याची सोय) हे शब्द टीकेचे आहेत, परीक्षेच्या निबंधात तटस्थ वर्णन म्हणून वापरले तर चूकच. 'मॅजिक मनी ट्री' ऐकलं की बोलणारा 'पैसा नाही' म्हणतोय असं समजा. 2017 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी एका नर्सला पगाराबद्दल हेच उत्तर दिलं होतं. आणि 'टेबल' या क्रियापदाआधी देश बघा: ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे चर्चेला मांडला, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवला.