लॉकला हात लावण्याआधी: केव्हीएम होस्टच्या तयारीची यादी

शनिवारी रात्री मेंटेनन्स विंडो आहे, मोठ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) अधूनमधून अडखळतात आणि सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या परफ टॉपमध्ये स्पिनलॉकचं (मिळेपर्यंत जागेवरच फिरत वाट पाहायला लावणाऱ्या लॉकचं) नाव सगळ्यात वर दिसतंय. अशा वेळी हात आपसूक सेटिंगकडे जातो. तो आधी मागे घ्या. केव्हीएम-क्यूईएमयूच्या होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या लिनक्स यंत्रावर, लॉकसाठी रांग लागण्याच्या जागा तीन: गेस्टचा (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमचा) स्वतःचा कर्नल, होस्टच्या कर्नलमधलं केव्हीएम आणि युजरस्पेसमधला, डिव्हाइसची नक्कल करणारा क्यूईएमयू. लक्षण तिन्हीकडे जवळपास सारखंच, व्हीएम क्षणभर थिजते. औषधं मात्र वेगळी, आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं. म्हणून रांग नेमकी कुठल्या मजल्यावर आहे हे शोधण्यात तयारीचा अर्धा वेळ गेला तरी चालेल.

सुरुवातीचं काम कंटाळवाणं आहे, आवृत्त्या लिहून काढणं. होस्टचा कर्नल, गेस्टचा कर्नल आणि क्यूईएमयू. यात क्यूईएमयूचं पॅकेज कोणतं बसवलंय ते विचारू नका, चालू प्रोसेस कोणत्या बायनरीतून उठली ते पाहा. पॅकेज अपडेट झालं तरी सहा महिन्यांपूर्वी चालू केलेली व्हीएम जुन्याच बायनरीवर धावत असते. प्रोकमध्ये त्या प्रोसेसच्या एक्झी लिंकपुढे ‘डिलीटेड’ दिसलं की समजायचं. आवृत्तीवर इतका जोर देण्याचं कारण असं की या लॉकांवरचं बरंचसं काम कोड लिहिणाऱ्यांनी आधीच केलेलं आहे. केव्हीएममधला टीडीपी एमएमयू (गेस्टच्या मेमरीच्या पानांच्या नोंदी सांभाळणारा नवा कोड) लिनक्स 5.10 मध्ये आला, 5.12 मध्ये एक्स86 वर त्या नोंदींवरचा एमएमयू लॉक साध्या स्पिनलॉकचा रीड-राइट लॉक (वाचणारे अनेक जण एकदम घेऊ शकतात असा) झाला, आणि क्यूईएमयू 9.0 मध्ये ब्लॉक लेयरमधला (डिस्कच्या कामाच्या थरातला) एआयओ-कॉन्टेक्स्ट लॉक काढूनच टाकला. तुम्ही यांच्या अलीकडे आहात की पलीकडे, यावर पुढची यादी निम्मी होते किंवा दुप्पट.

मग मोजमाप. गेस्टमध्ये टॉप लावून एसटी, म्हणजे स्टील टाइम, किती आहे ते पाहा. तो वाढलेला असेल तर व्हीसीपीयूला (व्हीएमच्या आभासी सीपीयूला) होस्टवर वेळच मिळत नाहीये आणि गेस्टमधली लॉकची रांग ही बहुधा त्याची सावली आहे. होस्टवर परफ लॉक कंटेन्शन चालवा. केव्हीएमचा एमएमयू लॉक दोषी असेल तर तिथे दिसतोच. क्यूईएमयूसाठीचं हत्यार आतच बसवलेलं आहे आणि ते फार कमी जण वापरतात: मॉनिटरवर (क्यूईएमयूला आज्ञा देण्याच्या कन्सोलवर) ‘सिंक-प्रोफाइल ऑन’ द्यायचं, व्हीएम अडखळू द्यायची, मग ‘इन्फो सिंक-प्रोफाइल’ मागायचं. तक्ता येतो. लॉकचा प्रकार, कोडमधली जागा, एकूण किती सेकंद थांबावं लागलं, किती वेळा, आणि सरासरी किती मायक्रोसेकंद. बीक्यूएलची (‘बिग क्यूईएमयू लॉक’, क्यूईएमयूचा सगळ्यांसाठीचा मोठा लॉक) ओळ वर असेल तर मोठा लॉकच अडवतोय. ‘उणे एम’ जोडलं की सरासरीप्रमाणे क्रम लागतो, आणि मला तोच जास्त कामाचा वाटतो, कारण लाख वेळा घेतलेला चिमुकला लॉक एकूण सेकंदांत उगाच मोठा दिसतो. एक मात्र ध्यानात असू द्या. हा तक्ता थांबलं कोण हे सांगतो, अडवलं कोणी हे सांगत नाही.

मी यातच फसलो होतो. एका ठिकाणी दर थोड्या वेळाने व्हीएम थिजायच्या. तक्त्यात व्हीसीपीयू थ्रेड बीक्यूएलसाठी थांबलेले स्पष्ट दिसत होते, म्हणून आम्ही दोन आठवडे पिनिंग (कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर चालेल ते बांधून देणं) बदलत बसलो. शेवटी थिजलेल्या क्षणी क्यूईएमयूच्या मेन थ्रेडचा स्टॅक पाहिला: वर एफस्टॅट, त्याच्या पोटात एनएफएस. आमचीच मॉनिटरिंगची स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी प्रत्येक व्हीएमला ‘क्वेरी-ब्लॉक’ विचारत होती. त्याचं उत्तर द्यायला इमेज फाइलचा आकार लागतो, इमेज एनएफएसवर, स्टोरेज दमलेलं, आणि मेन थ्रेड बीक्यूएल हातात धरून सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत उभा. तोवर ज्या व्हीसीपीयूला कुठल्याही इम्युलेटेड डिव्हाइसचा रजिस्टर वाचायचा असेल तो त्याच्या मागे. तेव्हापासून माझ्या यादीत स्क्रिप्टची चौकशी पिनिंगच्या वर आहे: मॉनिटरला कोण, किती वेळा आणि काय विचारतं? बॅकअपचा एजंट, डॅशबोर्ड, कुणीतरी हौसेने लावलेला क्रॉन, सगळे मोजा. (सिंक-प्रोफाइलची कमांडही त्याच मॉनिटरमधून जाते, तेव्हा आपणही त्या रांगेतलेच.)

आता गेस्टचा मजला. इथला आजार जुना आहे, लॉक-होल्डर प्रीएम्प्शन. 2004 मध्येच त्यावर पेपर आला होता. सोसायटीच्या गच्चीची किल्ली खिशात घालून वॉचमन गावाला गेला तर जे होतं तेच. लॉक धरलेल्या व्हीसीपीयूला होस्टने मध्येच कोअरवरून बाजूला केलं की बाकीचे व्हीसीपीयू जागेवरच गरगरत राहतात, आणि काही मायक्रोसेकंदांचं काम मिलिसेकंदांवर जातं. लिनक्स 2.6.25 मध्ये तिकीट लॉक आले तेव्हा हे आणखी चिघळलं, कारण लॉक मोकळा झाला तरी ज्याचा नंबर आहे तोच झोपलेला. 4.2 मध्ये क्यूस्पिनलॉक आला आणि सोबत त्याचं पॅराव्हर्च्युअल (आपण व्हीएममध्ये आहोत हे जाणून वागणारं) रूपही: थोडा वेळ फिरायचं, नाही मिळाला तर हॉल्ट करायचं, लॉक सोडणारा जागं करेल. म्हणून गेस्टच्या बूट लाइनवर ‘नो-पीव्ही-स्पिन’ कुणी ठेवून गेलंय का, ते बघा. आणि याहून मोठा सापळा म्हणजे ‘हिंट-डेडिकेटेड’. ही सूचना दिली की गेस्ट समजतो, प्रत्येक व्हीसीपीयूला खरा कोअर मिळालेला आहे, आणि पॅराव्हर्च्युअल लॉक बाजूला ठेवून साधे वापरतो. खरोखर पिन केलेल्या व्हीएमला हे उत्तम. पण कुणाच्या तरी टेम्प्लेटमधून ती ओळ ओव्हरकमिट केलेल्या (कोअरपेक्षा जास्त व्हीसीपीयू वाटलेल्या) होस्टवर आली, तर वॉचमन गावाला आणि दुसरी किल्लीही नाही. व्हीएमच्या सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये हा शब्द शोधणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

विंडोज गेस्ट असतील तर हायपर-व्हीच्या सवलती (विंडोजला मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायझरवर असल्यासारखं सोयीने चालू देणाऱ्या) चालू आहेत का ते तपासा. त्यातली स्पिनलॉकची, तिथे 8191 हा आकडा सर्रास दिसतो. तितक्या फेऱ्या झाल्या की गेस्ट हायपरव्हायझरला आपण अडकल्याचं कळवतो. आणि घड्याळाची, कारण ती नसेल तर विंडोज वेळ विचारायला इम्युलेटेड टायमरकडे जाण्याची शक्यता असते, आणि ती प्रत्येक विचारणा क्यूईएमयूपर्यंत येऊ शकते. पॉज-लूप एक्झिटिंगचे (गेस्ट लॉकवर गरगरतोय हे प्रोसेसरने ओळखून होस्टला कळवण्याचे) आकडे, इंटेलवर 128 आणि 4096, आहेत तसेच राहू द्या. मी ते बदलून पाहिलेत. फरक एका लोडवर दिसतो आणि दुसऱ्यावर उलटतो.

पिनिंग करायचंच असेल तर फक्त व्हीसीपीयूंची पिनिंग म्हणजे अर्धं लग्न. क्यूईएमयूचा मेन थ्रेड, म्हणजे लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या टूलच्या) भाषेत एम्युलेटर-पिन, आणि आयओथ्रेड (डिस्कच्या कामाचे वेगळे थ्रेड) यांना वेगळे कोअर राखून ठेवा. मेन थ्रेड व्हीसीपीयूंच्याच कोअरवर ठेवला तर बीक्यूएल हातात असताना त्याला कोअरवरून बाजूला केलं जाऊ शकतं, आणि गेस्टमधला तोच आजार एक मजला खाली सुरू होतो. व्हीसीपीयूंना रिअल-टाइम प्रायॉरिटी दिली असेल तर जास्तच, कारण मग मेन थ्रेडला त्या कोअरवर पाय ठेवायलाही जागा मिळत नाही.

केव्हीएमच्या मजल्यावर बघायचं ते एमएमयू लॉककडे. गेस्टने नव्या पानाला हात लावला की फॉल्ट, आणि फॉल्ट म्हणजे हा लॉक. टीडीपी एमएमयू चालू असेल तर बरेच फॉल्ट एकाच वेळी निपटतात, म्हणून केव्हीएम मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये तो ‘वाय’ आहे ना हे पाहा. नंतर ह्यूजपेज, म्हणजे मेमरीची मोठी पानं. 64 जीबीच्या गेस्टला 4 केबीची पानं लागतात 1,67,77,216. 2 एमबीची फक्त 32,768. यापुढे दुसरी कुठलीही सेटिंग लंगडी वाटेल. पिन केलेल्या होस्टवर ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग (पानं सीपीयूजवळच्या मेमरीत हलवणारं) आणि केएसएम (सारखी पानं एकत्र जोडणारं) बंद करा. दोघंही पानं हलवताना किंवा जोडताना केव्हीएमला त्याची वर्दी देणाऱ्या नोटिफायरमार्फत हाच लॉक लिहिण्यासाठी मागतात. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम) वापरत असाल तर आतल्या गेस्टची पानं अजून जुन्या शॅडो वाटेने जातात, तिथे अपेक्षा कमी ठेवा. आणि लाइव्ह मायग्रेशन चालू असताना घेतलेलं माप वेगळं मांडा, कारण तेव्हा बदललेली पानं टिपण्यासाठी मोठी पानं फोडून लहान केली जातात आणि फॉल्टचा पूर येतो.

क्यूईएमयूचा मोठा लॉक, बीक्यूएल, हा पायथनच्या जीआयएलचा (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारा लॉक) आणि लिनक्सच्या जुन्या बिग कर्नल लॉकचा सख्खा चुलतभाऊ. लिनक्सने आपला 2011 मध्ये 2.6.39 ला हद्दपार केला; क्यूईएमयूचा अजून घरातच आहे. तो काढणं आपल्या हातात नाही, त्याच्याकडे कमी वेळा जाणं आहे. आयडीई आणि ई1000 (जुन्या डिस्क आणि नेटवर्क कार्डाच्या नकला) ठेवलेल्या व्हीएमची यादी काढा आणि त्यांना व्हर्टआयओवर (व्हीएमसाठीच बनवलेल्या डिव्हाइसवर) आणा. डिस्कला स्वतंत्र आयओथ्रेड द्या, म्हणजे वाचन-लेखन मेन थ्रेडच्या दारातून जात नाही. 9.0 पासून एकाच व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्कच्या रांगा अनेक आयओथ्रेडमध्ये वाटता येतात. डेटाबेसची एक मोठी डिस्क असेल तर हेच बघा. नेटवर्कला व्हीहोस्ट, म्हणजे पॅकेटचं काम क्यूईएमयूऐवजी होस्टच्या कर्नलमध्ये. झालं.

रात्रीच्या कामासाठी प्रत्येक व्हीएमचं एक्सएमएल आदल्या दिवशी काढून ठेवा, एका वेळी एकच बदल करा, आणि आधी-नंतरचं माप सरासरीने नव्हे तर 99 व्या पर्सेंटाइलच्या लेटन्सीने घ्या; थिजणं सरासरीत बुडून जातं. सिंक-प्रोफाइल काम झाल्यावर बंद करा, त्याचाही भार असतो. यातले हिंट, डिस्क आणि ह्यूजपेजचे बदल नव्या क्यूईएमयू प्रोसेसलाच लागतात, म्हणून डेटाबेसवाल्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा की व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायची आहे. गेस्टच्या आतून रीबूट मारला तर प्रोसेस तीच राहते, आणि पहाटे तीनला सगळे मिळून जुनीच सेटिंग मोजत बसता.